ठेवणीतली लोकर शेवटी सुईवर घेतली

सुलट_उलट (शनिवार, संध्या. ७.१०)

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज लिहायलाच बसले कारण सात वर्षं जे करत नव्हते ते आज केलं.

माझ्याकडे मेरिनो लोकरीची एक लडी आहे, १०० ग्रॅमची, जांभळट निळी आणि मधूनमधून आमसुली. भाचीने परदेशातून आणली तेव्हा मी ती मलमलच्या रुमालात गुंडाळून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आणि म्हटलं चांगल्या कामाला काढू. चांगलं काम म्हणजे काय तर कुणाचं तरी बारसं, कुणाची तरी साठी. मधल्या काळात दोन पुतण्यांचे स्वेटर झाले, शेजारच्या बाळाचा अख्खा बाळंतविडा झाला, कुंची टोपडं पायमोजे सगळं, ह्यांचे तीन मफलर झाले, सगळं साध्या अ‍ॅक्रिलिकमध्ये, पण त्या लडीला काही हात लावला नाही. दर दिवाळीला कपाट आवरताना बाहेर काढायची, गालाला लावायची, परत ठेवायची.

आज दुपारपासून इकडे सहकारनगरात पाऊस लागून राहिलाय, फरशी अशी गार पडलीय की पाय टेकवत नाही, आणि मला एकदम वाटलं की अगं तुझेच पाय गार पडलेत ना, मग आणखी कुठल्या चांगल्या कामाची वाट बघतेयस? काढली लडी. ह्यांना समोर बसवलं, दोन्ही हातांवर लडी धरायला लावली आणि गुंडा केला. माझे बाबा आईसाठी अशीच लडी धरायचे, अंगठे वर करून, आणि धागा सुटत जाईल तसे हात डावीउजवीकडे झुलवायचे. ह्यांना कुणी शिकवलं नाही पण तेही तसेच झुलवत होते.

अडीच मिलीमीटरची गोल सुई, ६४ टाके, वर दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर. मोजे. माझ्या स्वतःच्या पायांसाठी.

आत्ता खिडकीशी बसलेय, बाजूला गवती चहा, बशीत दोन खाऱ्या, विविध भारती हळू आवाजात. गुंडी (आमची मांजर, पिल्लू होती तेव्हा अंगाचा गोळा करून लोकरीच्या गुंड्यासारखी झोपायची म्हणून गुंडी) मांडीवर, आणि बंड्या (कुत्रा, रस्त्यावरून आणलेला, आता बारा वर्षांचा) माझ्या पावलांवर हनुवटी ठेवून पडलाय, म्हणजे मोजे होईपर्यंतची सोय त्याने केलीय. बॉर्डरच्या दहा ओळी झाल्या. हा धागा हातातून सरकतो तेव्हा कळतं की इतकी वर्षं आपण काय बाजूला ठेवलं होतं.

तुमच्याकडे आहे का असं ठेवणीतलं काही? आणि तुमचा विणायचा कोपरा कसा आहे, सोबत कोण असतं, चहा का कॉफी, सगळं सांगा. मला वाचायचंय.

मृदगंध_२२ (शनिवार, रात्री ९.०२)

किती छान लिहिलंयस गं! गालाला लावून परत ठेवायची हे वाचून डोळ्यात पाणीच आलं, मी हेच करते. माझ्याकडे हिरव्या मोहेरचे दोन गुंडे आहेत, इतके हलके की हातात घेतले तरी वजनच कळत नाही, चार वर्षं झाली.

माझा कोपरा म्हणजे देवघराच्या बाजूची आजेसासूबाईंची लाकडी आरामखुर्ची. मुलं झोपली की साडेनऊ ते साडेदहा ती खुर्ची माझी. कॉफी, जायफळ घालून, स्टीलच्या पेल्यात. फ्रीजमागे लपवलेलं एक चॉकलेट असतं त्यातले दोनच तुकडे. त्या तासात कुणी हाक मारायची नाही हे घरात सगळ्यांना माहिती झालंय, नवरासुद्धा दबक्या पावलांनी जातो.

टाकाचुकला (रविवार, सकाळी ८.४५)

मी अगदी नवीन, दीड महिना झालाय शिकायला लागून. एक शंका आहे, इथे विचारलं तर चालेल ना? तुळशीबागेतून दहा नंबरच्या सुया आणल्या कारण इंटरनेटवरच्या एका अमेरिकन शालीच्या नमुन्यात दहा नंबर लिहिलं होतं. विणलं तर शाल होईना, घट्ट पट्ट्यासारखं काहीतरी झालं, हात दुखून आले. लोकर चुकली का माझी पद्धत चुकतेय?

सुलट_उलट (रविवार, सकाळी ९.३०)

@टाकाचुकला, तुझं काहीही चुकलेलं नाही! आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्लिश पद्धतीचे असतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होत जाते. आपली दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलीमीटर. अमेरिकन पद्धत बरोब्बर उलटी, नंबर वाढला की सुई जाड, त्यांची दहा नंबर म्हणजे सहा मिलीमीटर. म्हणजे तू जवळजवळ निम्म्या जाडीच्या सुईवर विणत होतीस, हात दुखणारच. आपल्या आठ नंबरला, म्हणजे चार मिलीमीटरला, अमेरिकन लोक सहा नंबर म्हणतात. नंबर बघूच नकोस, मिलीमीटरच बघ.

आणि आधी दहा सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा विणून बघ, त्यात किती टाके बसतात ते मोज आणि नमुन्यात लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघ. डबल निट, म्हणजे मध्यम जाडीची लोकर चार मिलीमीटरवर साधारण २२ टाके देते. जास्त आले तर सुई एक नंबर जाड घ्यायची, कमी आले तर बारीक. हा तुकडा विणायचा कंटाळा करतात सगळे, पण नंतर अख्खा स्वेटर उसवण्यापेक्षा हे बरं.

निखिल_विणतो (रविवार, दुपारी १२.१५)

लेख फार आवडला ताई. मी डोंबिवलीचा, वय ३४, आजीकडून शिकलो. पुरुष असून विणतोस का हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, त्यांना मी पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातल्या टाकिले बेटाबद्दल सांगतो, तिथे सुयांवर विणणं हे पुरुषांचंच काम, पोरं लहानपणी शिकतात, बायका मागावर कापड विणतात. त्यांची ही कला युनेस्कोच्या यादीत आहे, २००५ साली जाहीर झाली. हे सांगितलं की लोक जरा थांबतात आणि मग बऱ्याचदा म्हणतात, मलाही शिकव.

पण आज लिहितोय ते गुंडीसाठी. ताई, तुमच्या मांडीवर मांजर आणि हातात लोकर हे वाचून पोटात धस्स झालं. दोन वर्षांपूर्वी आमच्या साखरने (पांढरी बोकी) हातभर लोकर गिळली. मी पाच मिनिटं दार उघडायला गेलो होतो फक्त. आधी कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या, खाणं बंद, कपाटाखाली जाऊन बसली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर अपचन आहे म्हणून औषध देऊन परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी मान टाकली तेव्हा दुसरीकडे धावलो, तिथे डॉक्टरांनी तोंड उघडून जीभ वर केली आणि मला दाखवलं, जिभेच्या मुळाशी धागा अडकलेला, दुसरं टोक आत आतड्यात. लगेच ऑपरेशन. वाचली. पोटावर सात टाके होते, मी रोज मोजायचो.

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते सगळ्यांना सांगतो. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले काटे असतात, म्हणून एकदा धागा जिभेवर गेला की तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. एक टोक अडकलं की आतडं पुढे सरकायचा प्रयत्न करतं आणि धाग्यावर चुण्या पडत जातात, नाडी ओढल्यावर परकराला पडतात तशा, आणि ताणलेला धागा आतडं कापू शकतो. म्हणून धागा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर कधीही ओढायचा नाही. कापायचाही नाही. तसंच उचलून डॉक्टरकडे न्यायचं आणि "धागा गिळलाय" हे स्वतःहून सांगायचं, मी पहिल्या ठिकाणी ते सांगू शकलो नाही कारण मलाच माहीत नव्हतं.

सुलट_उलट (रविवार, दुपारी १.०५)

निखिल, वाचून अंगावर काटा आला. साखर आता बरी आहे ना? तिला माझ्याकडून कानामागे खाजव.

आमच्याकडे एक पद्धत आहे ती सांगते. सासूबाईंची लोणच्याची चिनीमातीची बरणी, मोठी, दोन किलो कैरीची, तिच्यात गुंडा असतो. अरुंद तोंडातून धागा फक्त माझ्या हातापर्यंत येतो, बरणी जड असल्यामुळे गुंडीने ढुशी मारली तरी हलत नाही. उठायचं झालं, अगदी फोन घ्यायला जरी, तरी विणकाम बरणीत आणि वर झाकण. रात्री बरणी कपाटात आणि कपाटाला कडी. पण कापलेली टोकं मात्र मी खुर्चीच्या हातावरच ठेवायचे, ते आजपासून बंद. रिकामी काचेची बाटली आणलीय, टोक कापलं की सरळ तिच्यात.

गोदाकाठ (रविवार, रात्री ८.२०)

चर्चेचा धागा छान चाललाय, पण मी थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नये. मला स्वतःसाठी विणणं जमतच नाही. विणताना मी त्या माणसाचा विचार करत असते, त्याच्या खांद्याची रुंदी, त्याला कुठला रंग खुलतो, टोचतं का, आणि तोच मला विणकामातला आनंद वाटतो. माझ्या आईने चाळीतल्या प्रत्येक बाळाला टोपडं दिलं, एकही पैसा न घेता, आणि तिच्या बाराव्याला ती मोठी झालेली मुलं आली होती, एकाने ते टोपडं खिशातून आणलं होतं. मोज्यांच्या एका जोडासाठी इतकी महाग लोकर हे माझ्या मनाला पटत नाही. तेवढ्यात चार बाळांची टोपडी होतील.

सुलट_उलट (रविवार, रात्री ९.४०)

@गोदाकाठ, राग कसला, खिशातून टोपडं आणलं हे वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून होते. तुमच्या आईंना नमस्कार.

देण्यातला आनंद मलाही आहे हो, पंचवीस वर्षं तेच केलंय आणि पुढेही करीन, दिवाळीनंतर शेजारी दुसरं बाळ येतंय त्याचं टोपडं डोक्यात तयार आहे. पण एक सांगते, इतकं सगळं विणून माझ्या स्वतःच्या अंगावर माझ्या हातचं एकही वस्त्र नव्हतं. एकही. मला माहितीच नव्हतं की मी विणलेलं घातल्यावर कसं वाटतं, लोकांना देताना मी म्हणायचे ऊबदार आहे, ते नुसतं अंदाजाने. काल बॉर्डर झाल्यावर पोटरीवर चढवून बघितली, तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाळाला सुद्धा आता मी जास्त चांगलं विणीन असं मला मनापासून वाटतं, कारण आता हे आतून माहितीय.

रानवारा (सोमवार, सकाळी ७.१५)

मी माण तालुक्यातला. लोकरीचा विषय निघाला की आमच्याकडं पहिली आठवते ती दख्खनी मेंढी. काळी, काटक, दिवसाला मैलोन्‌मैल चालणारी. धनगर लोक कातरीनं लोकर कातरतात तेव्हा मेंढी एवढीशी दिसायला लागते, पोरं हसतात. तिची लोकर राठ आणि आखूड, तुमच्या मेरिनोसारखी मऊ नाही, मोजे विणले तर पाय सोलून निघतील. पण तिचीच घोंगडी होते. खड्ड्यातल्या मागावर विणायची आणि मग चिंचोके भाजून, शिजवून केलेली खळ लावायची, त्यानं ती ताठ होते, आणि पावसात डोक्यावर खोळ करून घेतली की पाणी आत येत नाही. हल्ली लोकरीला भाव नाही, मेंढी मटणासाठीच पाळतात, कातरलेली लोकर कित्येकदा तशीच टाकून देतात, ते बघवत नाही.

आमच्या आज्ज्याची घोंगडी अजून आहे, खळीचा वास गेला पण घोंगडी तशीच. आमचा कुत्रा वाघ्या दुसऱ्या कशावर झोपत नाही, सतरंजी टाकून बघितली, गादी टाकून बघितली, उठून घोंगडीवरच जातो. संध्याकाळी मी अंगणात त्याच घोंगडीच्या दुसऱ्या टोकावर बसतो, गुळाचा चहा घेतो, ती माझी चैन. विणता मला येत नाही पण तुमचा धागा रोज वाचणार.

बर्फातली_मराठी (सोमवार, दुपारी २.५०)

रानवारा, घोंगडीचं वाचून घरची आठवण आली, आमच्या नागपूरच्या घरी वारकरी आजोबांची होती.

मी कॅलगरीत असते. इथे जानेवारीत उणे तीस होतं आणि तेव्हा लोकरीचे मोजे म्हणजे हौस राहत नाही, गरज होते. पहिल्या हिवाळ्यात मी फार एकटी पडले होते, पाच वाजता काळोख, नवरा कामावर, मराठी बोलायला फोनशिवाय कुणी नाही. लायब्ररीत विणकामाचा गट जमायचा तिथे जाऊन बसले. ज्या आजींच्या बाजूला बसायचे त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं आणि माझं त्यांना, पण टाका सुटला की दोघींना एकदम दिसायचा. त्यांनी टाच वळवायला शिकवली, मी त्यांना आल्याचा चहा करून थर्मासमधून न्यायचे, दर गुरुवारी त्या दाराकडे बघत बसलेल्या असायच्या.

सुलट_उलट, टाचेशी पोचलीस की सांग. टाच वळते ना, सपाट पट्टीचा एकदम खोलगट द्रोण होतो, तेव्हा मी अजूनही थांबून बघते. आणि धागा टाचेला दुहेरी जाड व्हावा म्हणून एक टाका न विणता उचलायचा, एक सुलट, असं करत जा, लवकर झिजत नाही.

सुलट_उलट (बुधवार, रात्री १०.३०)

टाच वळली! आजच. दिवसभर ऑफिसात डोक्यात तेच होतं. घरी आले, हातपाय धुतले, चहा टाकला आणि बसले, बंड्याला फिरायला ह्यांनी नेलं. दोन टाके एकत्र, उलटायचं, परत, परत, आणि सातव्या की आठव्या ओळीला हातातला तुकडा आपोआप वाकला. मी ह्यांना हाक मारून दाखवला, ते चष्मा लावून म्हणाले, ही तर टाच आहे! आम्ही दोघं बराच वेळ त्या टाचेकडे बघत होतो.

आता पुढचे दहा-बारा दिवस लिहिणं होणार नाही, गौरी-गणपती आहेत, आई येतेय ठाण्याहून. मोजा पर्समध्ये असेल.

सुलट_उलट (तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४.००)

मंडळी, परत आले. दोन्ही मोजे झाले. अंगठ्याकडचे टाके सुईने शिवून बंद केले, शिवण दिसत नाही. कोमट पाण्यात भिजवले, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळले आणि पसरून वाळवले, टाके कसे एकसारखे बसले. ४०० मीटर लोकरीतला लिंबाएवढा गुंडा उरलाय.

पण आज लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी, आणि मला तुमची मदत हवीय.

आई ७९ वर्षांची. मला विणायला तिनेच शिकवलं, आता संधिवातामुळे बोटं वळत नाहीत, सुया सोडून सहा वर्षं झाली. गौरी जेवल्या त्या दिवशी रात्री सगळं आवरल्यावर मी पाय वर घेऊन बसले होते, मोजे घालून. तिने माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि टाचेवरून अंगठा फिरवला, आतून बाहेरून, टाके मोजत असल्यासारखा. मग म्हणाली, कुणासाठी केलेस? म्हटलं, माझ्यासाठीच. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला फोन करताना ऐकलं, "विसर्जनाला येशील तेव्हा माझ्या पत्र्याच्या ट्रंकेतलं तळचं गाठोडं घेऊन ये."

गाठोड्यात लोकर. आठ लड्या, ५० ग्रॅमच्या, सायीच्या रंगाच्या. १९८४ साली बाबांच्या एलटीसीवर (नोकरीतली प्रवास सवलत) आम्ही सिमल्याला गेलो होतो तेव्हा तिने घेतलेली, मला घोडा आठवतो आणि सफरचंदं आठवतात, लोकर अजिबात आठवत नाही. मी विचारलं, कशाला घेतली होतीस? म्हणाली, मला स्वतःला कार्डिगन विणायचं होतं, खिसे असलेलं. मग तुमच्या शाळा सुरू झाल्या. नंतर तुझ्या लग्नाला काहीतरी करू म्हटलं, मग दादाच्या, मग नातवंडं. राहिलंच.

सात वर्षांची ठेवण घेऊन मी इथे लिहायला आले होते, आणि आईची चाळीस वर्षांपेक्षा जास्त.

आता अडचण. तीन लड्यांना कसर लागलीय, धागा जागोजागी तुटतो. आईने कडुलिंबाचा पाला घातला होता दरवर्षी पण गेली काही वर्षं ट्रंक उघडलीच नव्हती. आणि दुकानदाराने तेव्हा शुद्ध लोकर म्हणून दिली होती, ती तशी आहे का हेही बघायचंय. काय करू? टाकून देणार नाही, एवढं नक्की.

शेवंती (रविवार, संध्या. ५.२५)

टाकायची तर अजिबात नाही! कसर लागलीय म्हणजे शुद्ध असायची शक्यता जास्तच, ती अळी केसाचं आणि लोकरीचं प्रथिन खाते, अ‍ॅक्रिलिकला सहसा शिवत नाही. खात्री करायला बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटव, शेजारी पाणी ठेव. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येईल, ज्योत काढली की आपसूक विझेल आणि काळी राख बोटात चुरगळेल. अ‍ॅक्रिलिक असेल तर वितळून कडक मणी होतो, तो चुरगळत नाही.

मग सगळ्या लड्या, चांगल्या वाटणाऱ्यासुद्धा, पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नकोस, पिशवी खोलीइतकी कोमट होऊ दे, नाहीतर दव धरतं. नंतर कडक ऊन दाखव, झटक. डांबर गोळ्या मात्र घालू नकोस, घरात मांजर आहे, मांजराला त्या विषारी असतात.

निखिल_विणतो (रविवार, संध्या. ६.१०)

तुटलेल्या धाग्याला गाठी मारू नका ताई. शुद्ध लोकर असेल तर दोन्ही टोकं बोटभर उसवून त्यातले पदर मोकळे करा, एकमेकांवर ठेवा, तळहातावर थोडं पाणी घेऊन दोन्ही तळव्यांमध्ये जोरजोरात चोळा, हात गरम होईपर्यंत. उष्णता, ओलावा आणि घर्षणाने लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि अखंड धागा होतो. आजी थुंकी लावायची! मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीला हे चालत नाही कारण तिचे खवले मुद्दाम गुळगुळीत केलेले असतात, पण १९८४ सालच्या सिमल्याच्या लोकरीला चालेल असं वाटतंय.

आणि साखर मजेत आहे, तुमचा निरोप कानामागे पोचवला.

गोदाकाठ (रविवार, रात्री ९.१५)

मी मागे जे लिहिलं होतं ते आठवलं. आज आईचं कपाट उघडलं, तिच्या अंगावरचं, तिने स्वतःसाठी विणलेलं काही आहे का बघायला. नव्हतं. मोरपिशी रंगाची थोडी लोकर होती, ती मी आता बाहेर काढून ठेवलीय.

सुलट_उलट, आईंचं कार्डिगन कराच.

सुलट_उलट (तेवीस दिवसांनी, मंगळवार, रात्री १०.००)

जळण्याची परीक्षा झाली: केसांचा वास, राख, ज्योत आपसूक विझली. शुद्ध लोकर! आईला सांगितलं तर म्हणाली, मी तेव्हा हाताला लावूनच ओळखली होती.

दोन आठवडे मटारच्या पिशवीशेजारी फ्रीजरमध्ये होती. मग गच्चीत दोन दिवस ऊन. तुटलेले तुकडे आईनेच जोडले. सुया धरता येत नाहीत पण तळवे चालतात, पाण्याची वाटी पुढ्यात घेऊन दुपारभर चोळत बसते, एकूण ३७ जोड झाले, मोजतेय ती. प्रत्येक जोड झाला की दोन्ही बाजूंनी ओढून बघते. दोन लड्यांतला बराच भाग वाया गेला, त्यामुळे बाह्यांना लोकर पुरणार नाही, बिनबाह्यांचं करायचं ठरलं. आई म्हणाली बाह्या नकोतच, भांडी घासताना मागे साराव्या लागतात. तिला भांडी घासायला कुणी देत नाही हे निराळं.

चार मिलीमीटरच्या सुया, मागची बाजू ११० टाके, बॉर्डर झाली. संध्याकाळी मी विणते, आई गुंडा मांडीवर घेऊन मला धागा सोडत जाते, बरणीची गरजच उरली नाही. गुंडी तिच्या पायाशी, पण आईने डोळे वटारले की पंजा मागे घेते, माझं इतकं कधी ऐकलं नाही. बंड्या दोघींच्या मधे. चहाबरोबर आईला बटर लागतं, खारी नाही, चहात पूर्ण बुडवून, म्हणून आता घरात दोन्ही असतं. ठाण्याला परत जायचं तिकीट दोनदा पुढे ढकललंय.

एक विचारायचंय. तिला खिसे हवेत, दोन, वरून शिवलेले ठिगळासारखे नकोत, आत गेलेले हवेत. हे मी कधी केलेलं नाही.

शेवंती (मंगळवार, रात्री १०.४०)

सोपं आहे. खिशाचे आतले दोन चौकोन आधी वेगळे विणून घे, टाके बंद करू नकोस, सेफ्टी पिनवर ठेव. पुढची बाजू विणताना खिशाच्या उंचीला आलीस की तेवढेच मधले टाके दुसऱ्या पिनवर काढ आणि त्यांच्या जागी चौकोनाचे टाके विणून घे, पुढे नेहमीसारखं. शेवटी पिनवरच्या टाक्यांची बॉर्डर कर, तेच खिशाचं तोंड. चौकोन आतून हलके टाके घालून शिव.

किती टाक्यांचा खिसा हे मात्र आत काय ठेवणार त्यावर ठरव.

सुलट_उलट (बुधवार, रात्री ९.२०)

आईला विचारलं. एकात रुमाल, एकात चष्म्याचं घर. २४ टाक्यांचा चौकोन आज विणून झाला, तिने लगेच चष्म्याचं घर त्यावर आडवं ठेवून बघितलं, उभं ठेवून बघितलं. उभं बसतंय. पण म्हणतेय आणखी चार ओळी वाढव, आत पूर्ण जायला हवं, वाकलं की पडतं.

वाढवतेय.